दोनदा पेरलेलं रान

भांडकुदळ माणसांनी कुणाचं रान बुडवलं तर त्यात नवल ते काय? पण दोन भल्या माणसांनी निव्वळ भलेपणापायी एका बाईचं चार एकर रान बुडवलं, असं कुठं ऐकलंय? तिसगावापासून कोसभरावर ओढ्याकाठी एक वस्ती आहे, तिथं हे घडलं. साल चव्वेचाळीस. जर्मनीची लढाई चालू होती, नगरात रेशनच्या रांगा लागत होत्या, आणि वस्तीवर गौहर इद्दतीला बसली होती.

तिचा नवरा लालमहंमद पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिवतापानं गेला. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. आता पोटापुढं रीत कुठवर टिकायची? गरिबाघरच्या कितीतरी बाया महिन्याभरात खुरपं घेऊन रानात जायच्या, आणि कुणी त्यांना बोल लावत नसे. पण गौहरची सासू शहजादी रीतीला पक्की. "माजा एकुलता एक गेला. त्याच्या नावानं येवढं तरी नीट होऊ दे," असं ती म्हणाली, आणि गौहर घरात बसली.

बैलजोडी दुखण्यात विकली होती. ज्वारीची पेरणी दीड महिन्यावर आली होती, आणि घरात माणसं दोन: एकीला बाहेर पडायचं नाही, दुसरीला डोळ्यांनी धड दिसत नाही. त्यात नगरहून भाऊ आला. नियाज हा गौहरचा थोरला भाऊ, नगरात लष्कराचे कपडे शिवायचं काम करायचा. माणूस मायेचा, पण सगळं त्याच्या मनासारखं झालं पाहिजे.

"इद्दत सरली की गाडी घिऊन येतो," तो म्हणाला. "दोघींनी नगरात चला. ह्या रानात काय ठिवलंय?"

म्हातारीनं साफ सांगितलं, नवऱ्याची आणि लेकाची कबर सोडून ती हलायची नाही. म्हातारीला टाकून गौहरला जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला मुळी जायचंच नव्हतं. सोळाव्या वर्षी ती ह्या वस्तीवर आली, ह्याच रानात तिनं खुरपं धरलं आणि ह्याच रानाचं ती खात आली.

"भाई, रानात वर्साचं धान्य झालं तर मी हितंच ऱ्हाईन," ती म्हणाली. "न्हाई झालं तर तू म्हनशील तसं."

"पेरनार कोन?" नियाजनं विचारलं. संक्रांतीला गाडी घेऊन येतो, उभं पीक बघून ठरवू, असं सांगून तो गेला.

पण हात बांधून बसणारी बाई नव्हती ती. घरामागं परस होतं, चार बाजूंनी काट्यांचं कुंपण. परस म्हणजे घरच, तिथं जायला म्हातारीची ना नव्हती. मग गौहरनं सगळा जीव त्या परसात ओतला. भांड्यांचं पाणी दुधीला, न्हाणीचं पाणी अळूला. कुंपणावर वाल चढवला, छपरावर घोसाळी सोडली, कोपऱ्यात मिरच्या, मुळे, कांद्याची पात. रमजान गेला, ईद गेली, आणि तेवढ्या दिवसांत दोघींनी भाजी म्हणून काही विकत आणलं नाही. उलट उरायचीच. मग दुरडी भरून एक दिवस सहादेवाच्या घरी जायची, एक दिवस कानिफनाथाच्या. ते रांधलेलं घेत नसत, पण कोवळ्या दुधीला काय हरकत? आणि दुरडी रिकामी परत द्यायची नाही, हा नेम तर सगळ्यांच्याच घरचा. सहादेवाची बायको गोजरबाई दुरडीत मूठभर शेंगा टाकून पाठवायची. कानिफनाथाची मुक्ताबाई कधी गुळाचा खडा, कधी नुसतं मीठ.

ह्या दोन घरांची गोष्ट आता सांगायला हवी. गौहरच्या रानाला एका अंगानं सहादेवाचं रान, दुसऱ्या अंगानं कानिफनाथाचं. दोघंही सोन्यासारखी माणसं. पण खाली ओढ्याशी दोघांची रानं एकमेकांना भिडतात, तिथल्या बांधावरच्या एका बाभळीवरून तीन वर्षांमागं दोघांचं वाजलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. ती बाभूळ पुढं वादळात पडली, तिचं जळण होऊन गेलं, तरी अबोला जागच्या जागी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! मधल्या रानात लालमहंमद असायचा, म्हणून दोघांचं चाललं होतं. सहादेव सांगायचा, "लालूभाई, त्याला सांग त्याचं वासरू माज्या रानात शिरलंय." कानिफनाथ तिकडून ऐकतच असायचा, पण लालमहंमदनं फिरून सांगितल्याशिवाय वासराला हात लावायचा नाही. लालमहंमद हसायचा आणि दोघांचे निरोप पोचवायचा.

आता तोच गेला होता.

पेरणीचे दिवस आले. बाजाराच्या दिवशी कानिफनाथ मुक्ताबाईला घेऊन तिसगावला गेलेला बघून सहादेवानं पाभर जुंपली. घरचं पाच पायली बी काढलं, गोजरबाईनं पाभरीमागं चालत मुठीनं बी सोडलं, आणि उन्हं कलायच्या आत गौहरचं चार एकर पेरून, वर फळी फिरवून रान झाकून टाकलं. गावभर सांगायचं नाही, असं त्यानं गोजरबाईला बजावलं. मित्राच्या रानात मूठभर बी टाकलं, त्याचा काय डांगोरा पिटायचा? फक्त गौहरच्या दारात उभा राहून त्यानं हाक दिली, "चाची, रानाची काळजी करू नगा. पेरलंय." शहजादीनं तोंड भरून दुवा दिली.

त्याच दिवशी हस्ताची एक चांगली सर झाली आणि पाभरीच्या, बैलांच्या सगळ्या खुणा पुसून गेल्या. तिसऱ्या दिवशी सहादेव गोजरबाईला घेऊन चार दिवस सासुरवाडीला गेला. तो गेलेला बघून कानिफनाथानं पाभर जुंपली. तसंच पाच पायली बी, तशीच मुक्ताबाईची मूठ, तशीच वरून फळी. आणि जाताना तोही दारात उभा राहून म्हणाला, "चाची, रान पेरलं बरं का."

"व्हय बाबा, कळलं मला," म्हातारी म्हणाली. "अल्ला बरकत देवो." तिला वाटलं, सहादेवाचीच खबर हा पुन्हा देतोय. आत भाकरी थापणाऱ्या गौहरलाही तसंच वाटलं. पीठ लागलेल्या हातांनी ती तशीच बसून राहिली आणि तिचे डोळे भरून आले. रान पेरलं गेलं होतं. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केला होता.

दहाव्या दिवशी उगवण झाली, आणि सहादेव बांधावर उभा राहून बघतच राहिला. त्यानं वीतभर अंतरानं ओळी सोडल्या होत्या. दर दोन ओळींच्या मधून तिसरीच ओळ वर आली होती. कुणाची, हे त्याला सांगावं लागलं नाही. पलीकडच्या बांधावर कानिफनाथही तसाच तोंडाचा आ करून उभा होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनी माना फिरवल्या.

"एकाआड एक वळ उपटून टाका की," गोजरबाई म्हणाली. "अजून येळ हाय."

"मी आधी पेरलंय. त्यानं त्याच्या वळी उपटाव्या."

तिकडं मुक्ताबाईनं नवऱ्याला हेच सांगितलं. कानिफनाथ म्हणाला, "त्याच्या उपटल्या तर भांडान. माज्या उपटल्या तर म्हनंल, हरला." असे दोन शहाणे. रोज सकाळी दोघंही आपापल्या बांधावर यायचे, दुसरा वाकतोय का ते बघायचे आणि घरी जायचे. असा पंधरवडा गेला, महिना गेला, आणि विरळणीची वेळ टळली. गौहरला सांगायला जायची दोघांचीही छाती झाली नाही.

गौहरला काय, म्हातारी सांगेल तेवढंच कळणार. शहजादी काठी टेकत रानाकडं जाऊन यायची आणि हरखून सांगायची, "काय पीक हाय, गौहर! लई दाट. मुंगीला वाट न्हाई."

"दाट म्हंजे किती दाट, अम्मा?"

"हिरवंगार. भिताडावानी."

गौहर सुपातली बाजरी पाखडता पाखडता थांबायची. ज्वारी कधी भिंतीसारखी असते का? पण अम्माला दिसत नाही, असं म्हणून ती मनाची समजूत घालायची आणि संक्रांतीचे दिवस मोजायची.

मोहरमचे ताबूत झाले आणि त्याच आठवड्यात इद्दत सरली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन गौहर निघाली. चार महिने दहा दिवसांनी पायाखाली ओढ्याची वाळू आली. तिला पळावंसं वाटत होतं.

रान समोर आलं आणि तिचे पाय तिथंच थांबले. बोटाएवढी बारीक धाटं, एकाला एक चिकटलेली, पुरुषभर उंच. मुंगीला खरंच वाट नव्हती. कणसं निसवायच्या दिवसांत हजार धाटांत एखादं कणीस, आणि तेही करंगळीएवढं. ह्याला ज्वारी म्हणत नाहीत. गुरांसाठी मुद्दाम दाट पेरून हिरवा कापतात, तसलं हे कडवळ झालं होतं. ती वाकून आत शिरली, बुडख्याशी ओळी बघितल्या, आणि ओळीत ओळ बघून तिला सगळं समजलं. कुणी केलं, कसं झालं, दोघं का गप्प राहिले, सगळं. कानिफभाऊ दारात येऊन काय सांगत होता, तेही आता समजलं.

तिला आधी राग आला. इतका राग, की दोघांच्या दारात जाऊन बोलावंसं वाटलं. तुमच्या बाभळीपायी माझं घर सुटायची वेळ आली, म्हणावं. मग ती बांधावर बसली आणि रडली. संक्रांत वीस दिवसांवर होती. नियाजची गाडी तिला दिसायलाच लागली.

सहादेवानं तिला लांबून पाहिलं होतं. तो मोट सोडून बैलांसकट तसाच आला, पण जवळ आल्यावर त्याला तोंड वर करवेना. पलीकडून कानिफनाथ आला. तो त्याच्या बांधावर उभा, हा ह्याच्या.

"भाबी," सहादेव म्हणाला, "चूक झाली."

"त्याला म्हनावं, दोगांचीबी झाली," पलीकडून कानिफनाथ म्हणाला. सवयीनं तो 'त्याला म्हनावं' म्हणाला, आणि सांगणारा मधला माणूस आता नाही हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

तेवढ्यात सहादेवाचा बैल पुढं सरकला. मान लांब करून त्यानं कडवळाचा एक घास ओढला आणि डोळे मिटून खायला लागला. सहादेवानं त्याच्या पाठीत सडकन काठी घातली. बैल हलला नाही. गौहरनं वर पाहिलं. बैलाच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या.

हे कसं झालं, तिला माहीत होतं. उन्हाळ्यात नगरचा ठेकेदार आला होता, लष्कराच्या खेचरांसाठी कडबा पाहिजे म्हणून. भाव असा दिला की सगळ्या वस्तीनं वर्षाचा कडबा गंजीसकट देऊन टाकला. पाऊस लवकर गेला, गवत झालं नाही, बाजरी बरी आली पण तिच्या वाळल्या धाटांच्या सरमाडाला गुरं तोंड लावीनात. नवा कडबा यायला अजून दोन महिने होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यावर आणखी काय व्हायचं?

सहादेवानं दुसऱ्यांदा काठी उचलली.

"मारू नगा त्याला, दादा," गौहर म्हणाली. "खाऊ द्या. त्यानंच पेरलंय न्हवं हे?"

आणि हे तोंडातून जाता जाता तिचा राग कुठं गेला ते तिला कळलं नाही. पाच पायली बी ह्या घरचं, पाच त्या घरचं, तेही असल्या साली, जेव्हा माणसं बी दळून खात होती. घरच्या बायका दिवसभर पाभरीमागं चालल्या होत्या. आणि उपकार म्हणून कुणी बोलून दाखवलं नव्हतं. आपल्या माणसासाठी लोकांनी एवढं केलं, ह्या विचारानं तिला भरून आलं.

"कापून न्या," ती म्हणाली. "दोगांनीबी. वस्तीतल्या सगळ्यांना सांगा, ज्याची गुरं उपाशी हायेत त्यानं यावं. आता आनखी चार दिस ठिवलं तर धाटं वाळतील. पन माजी एक अट हाय. सहादेवदादांनी कानिफभाऊंच्या वळी कापायच्या, आन कानिफभाऊंनी दादांच्या."

दोघं बघत राहिले. ओळीत ओळ होती. अट पाळायची तर खांद्याला खांदा लावून वाकण्यावाचून सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळे चालू झाले. दोघं शेजारी शेजारी वाकले, तोंडं विरुद्ध दिशांना. गौहर मागून पेंढ्या बांधत होती आणि तिचं सगळं लक्ष त्या दोन पाठींकडं. पहिला अर्धा बिघा मुकाट्यानं गेला. मग सहादेव हळूच म्हणाला, "हात सांबाळ. तुजा इळा माज्या बोटाशी आलाय." "तुजंच बोट माज्या वळीत आलंय," कानिफनाथ म्हणाला. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. दुपारी बाभळीच्या बुडख्याशी सगळे आपापल्या भाकरी सोडून बसले. गौहरनं परसातले मुळे, पात आणि मिरच्या मध्ये ठेवल्या. तीन वर्षांनी त्या दोघांचे हात एकाच दुरडीत गेले.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. हिरवा चारा आहे, असं त्याला कुठूनतरी लागलं होतं. सगळं रान उभंच घेतो, रोख पैसे देतो, म्हणाला. शहजादीनं सुनेकडं पाहिलं.

"लष्कराच्या खेचरांनी माजं रान पेरलं न्हवतं," गौहर म्हणाली आणि पुन्हा पेंढी बांधायला लागली. तो माणूस ही बाई वेडी आहे असं म्हणत गेला. तिलाही क्षणभर वाटलं, आपण वेड्याच आहोत. रोख पैशात वर्षाची बाजरी आली असती. संक्रांतीला भावाला काय दाखवायचं? चारा गावाला दिला म्हणून काय कणगी भरणार होती? पण ओढ्यावर वस्तीतली गुरं पाणी प्यायला आली, त्यांची पोटं आज टम्म होती, आणि तिनं तो विचार तिथंच सोडला.

चाऱ्याची पहिली गाडी सहादेवाची भरून गेली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती परत आली, ती थेट गौहरच्या दारात. गोजरबाई खाली उतरली आणि तिनं गाडीतनं बाजरीचं पोतं ओढलं.

"हे काय, गोजरबाई? मी चारा इकला न्हाई."

"इकला कोन म्हनतंय? तुजी दुरडी कधी रिकामी धाडली का आमी? मंग गाडी कशी धाडावी?"

गौहर काही बोलायच्या आत मुक्ताबाई आली. तिच्या डोक्यावर पाटी, पाटीत बाजरी, वर हुलग्याचं गाठोडं. मग बन्सी गुरव आला. मग पलीकडच्या वाडीची भागूबाई, जिची एकुलती एक म्हैस कडवळानं पुन्हा दूध द्यायला लागली होती. कुणी पाच पायल्या, कुणी दहा, कुणी नुसतं सूपभर. पंधरा दिवस हे चाललं. कुणी मोजून दिलं नाही आणि हिनं मोजून घेतलं नाही. शहजादी दाराशी बसून प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवायची आणि आवाजावरून कोण ते ओळखायची.

संक्रांतीला नियाज गाडी घेऊन आला. गाडी रिकामी, दोर नवे, सामान बांधायला आणलेले. वाटेत त्यानं रान पाहिलं होतं. कापलेल्या बुडख्यांचं उजाड रान. घरात शिरला तो समजुतीचं बोलायच्या तयारीनं, आवाज मऊ करून.

"गौहर, जे झालं ते झालं. मन घट्ट कर. बिऱ्हाड बांध."

गौहरनं त्याला पाणी दिलं, दम खाऊ दिला आणि आतल्या खोलीत नेलं. कणगी काठोकाठ भरली होती. शेजारी दोन पोती उभी होती. वरून दुधी आणि वालाच्या वाळल्या शेंगा टांगल्या होत्या.

नियाजनं बाजरी ओंजळीत घेतली. घरी रेशनची कुबट ज्वारी खाऊन त्याची पोरं कंटाळली होती. "येवढी कुटून आली? रानात तर मी काय बगितलं न्हाई."

"ह्यात माज्या रानातला एक दाना न्हाई, भाई," गौहर म्हणाली. "ही सहादेवदादाची. ही कानिफभाऊची. हुलगे मुक्ताबाईचे. त्या पोत्यातली बन्सीची, आन वरची सूपभर भागूबाईची." आणि मग तिनं त्याला सगळं सांगितलं, पहिल्या पाभरीपासून. सांगता सांगता ती हसली, आणि लालमहंमदचं नाव आलं तिथं थांबली.

नियाजनं ओंजळीतली बाजरी परत कणगीत सोडली. तेवढ्यात तिनं एक पोतं ओढून गाडीकडं नेलं, त्यावर दोन दुधी आणि मिरच्यांची पुरचुंडी ठेवली. न्यायला आलेल्या गाडीतनं हे असं काही जाईल, हे नियाजच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पोरांना दे," ती म्हणाली. "म्हनावं, फुफूनं धाडलंय."

गाडीवर चढता चढता त्यानं एकदा शेवटचं विचारलं, "येत न्हाईस मंग? नगरात सगळं हाय, गौहर."

"असंल की," गौहर म्हणाली. बांधावर सहादेव आणि कानिफनाथ कशावरून तरी मोठमोठ्यानं वाद घालत होते, तिकडं तिनं बोट केलं. "पन भाई, नगरात माजं रान कोन पेरील? हितं तर दोनदा पेरलं."